आडव्या झाडाची उभी लेक

मित्रांनो, मी एक जुनं, आडवं वाढलेलं सफरचंदाचं झाड आहे. तुमच्या बोलीत झाडाला 'ते' म्हणतात हे मला ठाऊक आहे, पण मी लेकुरवाळी आहे, तेव्हा बाईमाणसासारखीच बोलणार. आणि आडवं म्हणजे वादळात उन्मळून पडलेलं असं मात्र समजू नका. मला लहानपणापासून मुद्दाम आडवं वाढवलं आहे. माझं खोड जमिनीतून वीतभर वर येतं आणि तिथून जे वळतं ते थेट मातीलगत सरपटत जातं. इतर झाडांची फळं काढायला लोक शिडी लावतात. माझी काढायला गुडघे टेकावे लागतात.

येनिसेई नदीच्या काठावर तालोव्का नावाचं आमचं गाव आहे. इथं हिवाळ्यात थुंकलं तर थुंकी जमिनीवर पडेपर्यंत तिचा खडा होतो. रानातलं सफरचंद तेवढं या थंडीत उभं राहतं. त्याचं फळ वाटाण्याएवढं, आणि चव अशी की पाखरंसुद्धा दुसरं काही मिळेनासं झालं की मगच त्याच्याकडे वळतात. मोठ्या, गोड फळाच्या झाडाला मात्र इथला एक हिवाळा पुरतो. म्हणून इथल्या लोकांनी एक युक्ती काढली. रोप कोवळं आहे तोवरच त्याला वाकवायचं, लाकडी आकडे ठोकून जमिनीशी जखडायचं आणि तसंच वाढवायचं. मग बर्फ पडला की अख्खं झाड त्याच्या पोटात. बर्फ गार असतो हे खरं, पण वरच्या वाऱ्यापेक्षा त्याच्या पोटात पुष्कळ ऊब असते.

माझं माहेर दूर पश्चिमेला, मऊ हिवाळ्याच्या मुलखात. येवलाम्पिया तिखोनोव्ना ही तिकडचीच. लग्न होऊन ती तालोव्कात नांदायला आली तेव्हा माहेरच्या झाडाची एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून, कोटाच्या आत छातीशी धरून तिनं आणली. तिचं इथल्या रानसफरचंदाच्या मुळावर कलम बांधलं, आणि ते कलम म्हणजे मी. पुढं लढाई आली. नवरा गेला तो परत आला नाही. तिखोनोव्नाला मूलबाळ नव्हतं. गावच्या सामुदायिक शेतात सफरचंदाची प्रयोगाची बाग होती, ती तिच्याकडे आली, आणि त्या बागेत मी.

मला वाकवलं ते प्रोखोर सिदोरिचनं. तो बागेचा माळी. सगळं गाव त्याला नुसतं सिदोरिच म्हणायचं. झाडाला आडवं करण्यात त्याचा हात धरणारा नदीच्या दोन्ही काठांवर कुणी नव्हता. किती वाकवलं की लाकूड कुरकुरतं आणि किती वाकवलं की मोडतं, हे तो कान लावून ऐकायचा. आकडे तो बाभळीच्या जातीच्या चिवट लाकडाचे करायचा, त्यांच्या टोकांना घासून गुळगुळीत करायचा, म्हणजे आमची साल सोलायला नको. मला त्याचा राग कधी आला नाही. आई मुलाला पाळण्यात घट्ट बांधते तसंच ते होतं.

एका वर्षी मात्र थंडी आधी आली आणि बर्फ आलाच नाही. आम्ही सगळी उघडी पडून होतो आणि माती दगडासारखी वाजत होती. सिदोरिच वेड्यासारखा घर आणि बाग अशा फेऱ्या मारत होता. मेंढीच्या कातड्याचा कोट आणला, लोकर थापून केलेल्या नमद्याचे बूट आणले, मग गोधड्या आणल्या. मागून त्याची बायको उस्तिन्या ओरडत आली.

"म्हाताऱ्या, ती माझ्या आहेरातली गोधडी आहे! घरात माणसं कुडकुडताहेत आणि तू सफरचंदीणबाईला पांघरूण घालतोस?"

"तुला चूल आहे ना घरात! हिला कुठं आहे?"

"मग घेऊन ये तिला घरी! मी जाते बागेत निजायला!"

शेवटी तिनंच गोधडीची दोन टोकं धरली आणि माझ्यावर नीट पसरली. त्या हिवाळ्यात अर्धी रांग मेली. मी उस्तिन्याच्या आहेरातल्या गोधडीखाली जगले. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्यानंतर सिदोरिच पानगळीची वाटसुद्धा बघेनासा झाला. जरा वारं बोचरं झालं की आकडे घेऊन हजर.

मित्रांनो, ते दिवस कौतुकाचे होते. माझी सफरचंदं मुठीएवढी व्हायची. शाळेतली मुलं यायची, माझ्याभोवती गुडघ्यांवर बसायची, आणि पानं बाजूला सारून फळ दिसलं की श्वास रोखायची. बऱ्याच जणांनी एवढं मोठं सफरचंद फक्त चित्रात पाहिलेलं होतं.

पण तिखोनोव्नाला एवढ्यावर समाधान नव्हतं. ती म्हणायची, "जे झाड माळ्याशिवाय जगत नाही ते घरोघरी कसं जाईल? आज सिदोरिच आहे. उद्या?" तिला हवं होतं असं एक झाड, ज्याचं फळ माझ्यासारखं असेल आणि जे रानसफरचंदासारखं उघड्यावर ताठ उभं राहील. विधवेच्या अंगणात, शाळेच्या कुंपणाशी, कुणीही लावावं आणि विसरून जावं असं.

म्हणजे माझं लग्न लावायचं होतं, नदीकाठच्या रानटी सफरचंदाशी. अडचण एवढीच, की तो उन्हात उभा असल्यामुळे आधी फुलायचा आणि मी बर्फाखालून उशिरा निघायची. मी फुलेपर्यंत त्याच्या पाकळ्या नदीत वाहून गेलेल्या असायच्या. तिखोनोव्ना त्याच्या कळ्या आधीच आणायची, त्यांतले पुंकेसर कागदावर पसरून चुलीजवळ सुकवायची आणि निघालेले पिवळे परागकण काचेच्या नळीत भरून जपून ठेवायची. माझ्या कळ्या उमलायच्या बेताला आल्या की जुना कोट जमिनीवर टाकून ती त्यावर पालथी पडायची. चिमट्यानं मिटलेली कळी उघडायची, माझे स्वतःचे पुंकेसर एकेक करून उपटून टाकायची आणि कुंचल्याच्या टोकानं त्याचे पराग लावायची. तो कुंचला सिदोरिचनं तिला करून दिला होता, खारीच्या शेपटीच्या केसांचा. मग मधमाशीनं लुडबूड करू नये म्हणून फुलावर जखमेच्या पट्टीच्या कापडाची पिशवी बांधायची. दिवसभरात तिचं अंग मातीनं माखायचं.

सिदोरिच कुंपणाला टेकून चेष्टा करायचा. "सोयरीक जुळवायला पोटावर झोपणारी मध्यस्थ पहिल्यांदाच बघतोय."

"नवरा ताडमाड, नवरी भुईसपाट. मी मध्ये नको का?"

"आणि नवरा लग्नाला आलाच नाही म्हणे. नळीतून निरोप पाठवला!"

"लढाईच्या वेळची लग्नं अशीच असतात, सिदोरिच," ती म्हणाली आणि पुढची कळी उघडू लागली.

शरदात माझी ती फळं चिरून ती बिया काढायची, ओल्या वाळूत घालून तळघरात ठेवायची आणि वसंतात पेरायची. माझी लेकरं उगवायची. दाट, हिरवी, एकमेकांना ढकलत. आणि हिवाळा आला की तिखोनोव्ना त्यांच्यावर गवताची काडीसुद्धा टाकायची नाही.

मित्रांनो, ते मला सहन होत नव्हतं. मी बर्फाखाली उबेत निजलेली, आणि माझी लेकरं पलीकडच्या वाफ्यात वाऱ्यात उभी. वसंतात मी डोकं वर काढावं तर रांगच्या रांग काळी पडलेली. सिदोरिच त्या वाळलेल्या काटक्या उपटायचा तेव्हा त्याचा चेहरा बघवत नसे.

"आडवी करू दे गं मला," तो म्हणायचा. "थोडीशीच वाकवतो. लेकरं मारायला पेरतेस का?"

"आडवी केली तर ती उभी राहतात का नाही हे मला कळणार कसं?"

"कळून काय करायचंय! जगली म्हणजे झालं."

"जगलेली आडवी माझ्याकडे एक आहे," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "मला उभी हवी आहे."

तेव्हा मला ती काळजाची कठोर वाटली आणि सिदोरिच देवमाणूस.

असे कितीतरी वसंत गेले. एका पेरणीतली एक पोर मात्र वाचली. माझ्यापासून चार हातांवर ती उभी होती, शेजारपाजारच्या साऱ्या भावंडांत एकटी. दुसऱ्या हिवाळ्यातही वाचली, तिसऱ्यातही. एका वर्षी तिचा शेंडा जळला, तर तिनं बाजूनं दुसरा काढला. मी तिच्याकडे खालून बघायची. माझ्या कुळात कुणी आकाशाकडे गेलं नव्हतं. तिची सावली माझ्या फांद्यांवर पडली की मला वाटे, सारं आयुष्य जमिनीवर लोळले, त्याचं सार्थक झालं. तिखोनोव्ना तिला नाव ठेवत नव्हती. फळ दिसल्याशिवाय रोपाला नाव देऊ नये, अशी तिची रीत होती.

नवव्या वसंतात ती फुलली. शरदात तिच्यावर चार सफरचंदं आली, कोंबडीच्या अंड्याहून थोडी मोठी, एका गालावर लाल. तिखोनोव्नानं एक फळ तिथंच झाडाखाली चिरलं आणि तिघांनी खाल्लं. उस्तिन्या बराच वेळ चघळत राहिली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"आंबट आहे," ती म्हणाली. "पण मला अजून एक फोड दे."

तिखोनोव्ना हसता हसता रडायला लागली. पदरानं डोळे पुसावेत तसे डोक्यावरच्या रुमालानं पुसले आणि म्हणाली, "पानं गळली की हिच्या काड्या कापून घेईन. कलमं बांधू. पुढच्या वर्षी नाव ठेवू आणि घरोघर देऊ. सिदोरिच, मग तुझे आकडे चुलीत घाल."

"घालीन की," सिदोरिच म्हणाला. त्याचेही डोळे भरले होते.

पानं गळायच्या आधीच तिखोनोव्ना आजारी पडली. इतकी वर्षं वसंतातल्या ओल्या मातीवर पालथं पडून तिच्या छातीत खोकला घर करून बसला होता. त्याचा आता ताप झाला. तिला तालुक्याच्या इस्पितळात न्यायला घोडागाडी आली. गाडी बागेवरून जाताना तिनं ती थांबवायला लावली. तिला उठून बसता येत नव्हतं. गाडीतल्या गवतावर पडल्या पडल्या तिनं सिदोरिचचा हात धरला.

"माझ्या पोरीला सांभाळ," एवढंच म्हणाली. पुढं खोकल्यानं बोलू दिलं नाही.

सिदोरिचनं टोपी काढली. "तळहाताच्या फोडासारखी जपतो. तू जा, बरी होऊन ये."

मित्रांनो, सांभाळायचं म्हणजे काय करायचं हे सिदोरिचला एकाच रीतीनं ठाऊक होतं.

दोन दिवस तो पोरीभोवती घुटमळत राहिला. मग उस्तिन्याला म्हणाला, "आता परीक्षा संपली की नाही? पोर पास झाली, फळ दिलं. आता हिला उघड्यावर ठेवायचं ते कशासाठी? आणि एखादा हिवाळा तसला आला तर? तिखोनोव्ना परत येईल तेव्हा तिला तोंड कुठलं दाखवू?"

"काड्या तरी काप थोड्या. ती म्हणत होती ना?"

"छे! सुरी लावायची नाही अंगाला. एक काडी दुखवणार नाही मी तिची."

नऊ वर्षांचं खोड वाकत नाही. सिदोरिचनं एका बाजूची माती उकरली, त्या बाजूची मुळं तोडली, खोडाला फडकी गुंडाळून वर दोर बांधला आणि नवराबायको मिळून ओढू लागली. तो दर वेळी थांबून खोडाला कान लावायचा. "कुरकुरतेय नुसती. मोडत नाही. हळू, उस्तिन्या, हळू." संध्याकाळपर्यंत माझी लेक माझ्या शेजारी आडवी झाली. तिचा शेंडा माझ्या फांद्यांत आला.

आणि मित्रांनो, मला आनंद झाला. ते लपवणार नाही. माझी इतकी लेकरं गारठून मेली होती, आणि ही एक माझ्या कुशीत आली होती. मी मनात सिदोरिचला आशीर्वाद दिले.

त्या वर्षी बर्फ लवकर आला, भरपूर आला. माती अजून गोठली नव्हती, तोवरच तो येऊन बसला. सिदोरिचला हर्ष झाला. माझ्यावर नेहमीएवढाच थर होता, पण पोरीवर त्यानं आधी गवत घातलं, मग घरातला नमदा, मग उस्तिन्याच्या आहेरातली तीच गोधडी, आणि वर फावड्यानं बर्फाचा ढीग. कुठून वारं शिरायला भोक राहू नये म्हणून हातांनी थापून थापून बसवला.

माझी मुळं रानाची असली तरी अंग माहेरचं, मऊ मुलखातलं. मला ऊब मानवते. पण ती होती तिच्या बापाच्या रक्ताची. तसल्या झाडांना कडाक्याची थंडी पडली की गाढ झोप लागते आणि त्या झोपेत त्यांना काही होत नाही. ऊब मिळाली की ती जागीच राहतात, आणि अंधारात, ओलीत, हवा नसताना जागं राहिलेल्या झाडाची साल कुजू लागते. तिची तुटलेली मुळं आधीच दुखत होती. हिवाळ्याच्या मध्यावर मला बाजूनं वास येऊ लागला. बंद पिंपातल्या कोबीसारखा आंबूस. माझ्या फांद्यांत तिचा शेंडा होता, पण मला हात नाहीत. मी तिच्यावरची गोधडी काढू शकले नाही.

वसंतात तिखोनोव्ना परत आली. निम्मी झाली होती. काठी टेकत सरळ बागेत आली आणि तिची नजर आधी वर गेली, जिथं शेंडा असायला हवा होता तिथं. मग तिनं खाली बघितलं.

सिदोरिच सणाला घालायचा सदरा घालून उभा होता. "थांब, मी तुला उघडून दाखवतो," तो म्हणाला आणि उरलेला बर्फ, गोधडी, नमदा, गवत असं एकेक बाजूला सारू लागला. लग्नातली पेटी उघडावी तसा. "बघ, एक डहाळी मोडली नाही. बघ तरी!"

खरंच एक डहाळी मोडली नव्हती. तिखोनोव्ना गुडघ्यांवर बसली. तिनं खोडाला हात लावला, तर साल ओल्या कागदासारखी तिच्या बोटांबरोबर निघून आली. खालचं लाकूड तपकिरी होतं. तिनं नखानं एक काडी खरवडली, दुसरी खरवडली, शेंड्यापर्यंत सगळ्या खरवडल्या. हिरवं कुठंच नव्हतं.

सिदोरिच खाली वाकला. "थंडी कुठून शिरली?" तो म्हणाला. "मी एक भोक ठेवलं नव्हतं. हातानं थापलं होतं. तिखोनोव्ना, थंडी शिरली कुठून?"

"थंडी शिरलीच नाही, सिदोरिच," ती म्हणाली.

ती त्याला एका शब्दानं रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. उस्तिन्या म्हणाली, "नवरानवरी तीच आहेत. पुन्हा लाव लग्न." त्यावर तिखोनोव्नानं विचारलं, "एकाच आईबापाची दोन लेकरं कधी सारखी झालीत का, उस्तिन्या?" तरीही त्या वसंतात ती कोट पसरून माझ्याजवळ पालथी पडली. खोकल्याची उबळ आली, पराग पाकळ्यांवरच सांडले. पुढच्या वसंतात ती नव्हती.

तिला पुरून आले त्याच दिवशी सिदोरिच बागेत आला आणि त्यानं आमचे सगळे आकडे उपटले. सगळ्या रांगेचे. "माझ्या हातानं आता कुणालाही झोपवणार नाही," असं तो स्वतःशीच बोलत होता. आकडे चुलीत घालायचं वचन त्यानं पाळलं. मित्रांनो, आम्हाला तर आडवं राहणंच भाग होतं! मी ओरडून सांगितलं असतं, पण झाडाला तोंड नसतं. त्या उन्हाळ्यात आमच्या फांद्या सैल सुटल्या, हळूहळू वर उचलल्या गेल्या, उन्हाकडे. मलासुद्धा क्षणभर लेकीसारखं वाटलं. मग हिवाळा आला. बर्फ आमच्या निम्म्या अंगालाच पुरला. वसंतात रांगेतली बाकी सगळी काळी पडलेली होती. माझी एकच फांदी जगली, कुंपणाच्या बुडाशी बर्फ साठतो तिथली.

आता या बागेत कुणी येत नाही. शाळेतल्या मुलांना माझं नावही ठाऊक नसेल. येतो तो एक सिदोरिच. त्याला डोळ्यांनी नीट दिसत नाही, उस्तिन्या त्याला फाटकापर्यंत आणून सोडते. काल माझ्या त्या एका फांदीवर फुलं उमलली. नदीकाठचा रानटी केव्हाच फुलून गळून गेला आहे, आणि माझ्यासोबत फुलणारं झाड आता जवळपास एकही नाही.

सिदोरिचनं जुना कोट जमिनीवर पसरला आणि महाप्रयासानं त्यावर पालथा पडला. खिशातून खारीच्या केसांचा कुंचला काढला. तिखोनोव्नाच्या घरातून त्यानं मागून आणला असेल. बोटांनी चाचपत त्यानं माझं एक फूल शोधलं, त्यात कुंचला फिरवला, आणि मग तो माझ्याच दुसऱ्या फुलात फिरवला. मग तिसऱ्यात. कुंपणाशी टेकून त्यानं इतकी वर्षं नुसती चेष्टा केली होती. नळीतल्या निरोपावर तो हसला होता, पण त्या निरोपाशिवाय फळ धरत नाही हे त्यानं कधी नीट समजून घेतलंच नव्हतं. सफरचंदाला स्वतःचे पराग लागत नाहीत, मित्रांनो. दुसऱ्या झाडाचे लागतात. पण तो एकही फूल न चुकवता, श्वास रोखून, हळुवार हातानं लावत राहिला. आणि पट्टीच्या कापडाच्या पिशव्याही त्यानं आणल्या होत्या. त्या त्यानं एकेका फुलावर बांधल्या, म्हणजे चुकून एखादी माशी कुठूनतरी काही घेऊन आली असती, तर तीही वाट बंद झाली.

"उभी हवी, नाही का?" तो मला म्हणाला. "आता होईल उभी. मी हात नाही लावणार तिला."

मित्रांनो, तुम्ही ज्याला जीव लावाल त्याच्यावर पांघरूण घालण्याआधी त्याच्याकडे एकदा नीट बघा. त्याला ऊब हवी आहे की वारा, ते त्याच्या अंगावर दिसतं. ते माझ्या अंगावर होतं, माझ्या लेकीच्या अंगावरही होतं. मला फार काही मागायचं नाही. तुमच्यापैकी कुणी कधी आमच्या बाजूला आलंच, तर सिदोरिचला सांगा की या पिशव्या सोडून टाक. आणि जमलं तर हेही सांगा, की फळ धरलं नाही, तर ते त्याच्या हाताच्या दोषानं नव्हे. हात त्याचा चांगला होता. नेहमीच चांगला होता.